शेतातल्या प्लास्टिकचा पुनर्वापर: यंत्र घेण्याआधी माल बघा

प्रश्न असा आहे: शेतकऱ्यांच्या एका गटाकडे दर हंगामात वापरलेला मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायचा पातळ प्लास्टिकचा कागद), ठिबकच्या जुन्या नळ्या, फाटलेलं शेडनेट, औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि खताच्या गोण्या साचतात. जाळायचं नाही, पुरायचं नाही हे ठरलंय. मग गटाने श्रेडर (तुकडे करणारं यंत्र) आणि प्लास्टिक वितळवून नव्या वस्तूंसाठी दाणा पाडायचं यंत्र घ्यावं का? घेतलं तर कुठे अडेल?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. दाणा पाडायचं यंत्र आत्ता घेऊ नका. उचलणं, वाळवणं, झटकणं, वेगळं करणं आणि गासड्या बांधणं एवढं काम गटाचं. धुणं आणि वितळवणं हे ज्याच्याकडे बारा महिने माल येतो त्याचं काम. गटाच्या वाट्याचं काम नीट झालं नाही तर पुढे कितीही भारी यंत्र लावलं तरी दाणा चांगला पडत नाही.

हिशेब बघा. २५ मायक्रॉनच्या मल्चिंग पेपरचं वजन चौरस मीटरला सुमारे २३ ग्रॅम. हेक्टरातली ६० टक्के जमीन झाकली, म्हणजे ६,००० चौरस मीटर, तर पेपर लागला १३८ किलो. तासाला १०० किलो दाणा पाडणारं यंत्र या धंद्यात लहान समजतात. ते रोज ८ तास, वर्षात २५० दिवस चालवायचं तर २०० टन स्वच्छ प्लास्टिक हवं. नुसत्या मल्चिंगवर ते भागवायला दरवर्षी जवळजवळ १,४५० हेक्टर मल्चिंग लागेल, तेही एकूण एक तुकडा हाती आला असं धरून. शिवाय हा माल पीक निघाल्यावर महिना-दोन महिन्यांत एकदम येतो. बाकीचे दिवस यंत्र थंड. थंड यंत्र पुन्हा तापवताना वेळ आणि वीज जाते, आणि बॅरलमध्ये, म्हणजे यंत्राच्या तापत्या नळीत, अडकून राहिलेलं जळकं प्लास्टिक सुरुवातीला बाहेर पडतं ते वेगळंच.

ठिबकचं गणित उलटं आहे. १६ मिमी व्यासाची, साधारण १.१ मिमी जाडीची नळी मीटरला ४८ ग्रॅमच्या आसपास भरते. दोन ओळींत १.२ मीटर अंतर असेल तर हेक्टरी सुमारे ८,३०० मीटर, म्हणजे ४०० किलो. हा माल जाड, धुवायला सोपा आणि वजनदार, पण काही वर्षांतून एकदाच निघतो. म्हणून गटाने आधी दोन हंगाम कुठला माल, कोणत्या महिन्यात, किती किलो निघतो याची नोंदवही ठेवावी. ती वही नसताना यंत्राचं कोटेशन मागवण्यात अर्थ नाही.

खरा शत्रू माती

शेतातून उचललेल्या मल्चिंगमध्ये निम्म्याहून जास्त वजन माती, ओल आणि काडीकचऱ्याचं असणं हे नेहमीचंच आहे. ६० टक्के धरा. गाडीत १,००० किलो आले, त्यात प्लास्टिक ४०० किलो. धुताना बारीक तुकडे वाहून जातात, थोडं जाळीवर अडकतं, आणि दाणा पडतो ३५० ते ३६० किलो. उरलेल्या ६०० किलो माती-पाण्याचं भाडं भरलं, ते वीज जाळून धुतलं आणि शेवटी गाळ म्हणून कुठेतरी टाकावं लागलं. आणि ती माती तुमच्याच शेताच्या वरच्या थरातली, म्हणजे सगळ्यात कसदार.

पातळ पेपरचं दुखणं जास्त का? माती चिकटते पृष्ठभागाला. एक किलो २५ मायक्रॉनच्या पेपरला दोन्ही बाजू मिळून सुमारे ८७ चौरस मीटर पृष्ठभाग असतो. एक किलो २०० मायक्रॉनच्या पॉलिहाऊस पेपरला जेमतेम ११. म्हणजे तेवढ्याच दाण्यासाठी आठपट पृष्ठभाग धुवायचा. पातळ पेपर उचलताना फाटतो आणि अर्धा जमिनीतच राहतो, हे आणखी वर. चीनने २०१७ च्या मानकात मल्चिंगची किमान जाडी ८ वरून १० मायक्रॉन केली, ती पेपर परत उचलता यावा म्हणूनच. माझ्या मते १० सुद्धा फारच कमी. पेपर उचलून पुनर्वापराला द्यायचा असेल तर २५ च्या खाली जाऊ नये, आणि पीक लांब मुदतीचं असेल तर ३० च्या पुढे घ्यावा. नव्या पेपरवर वाचवलेले पैसे काढणीच्या मजुरीत जातात.

काढणीची वेळ वाफशाची. चिकट जमीन ओली असेल तर पेपरला लगदा येतो, आणि कडक वाळली असेल तर गाडलेल्या कडा ढेकळात अडकून पेपर चिरतो. क्रम असा ठेवा. झाडं जमिनीलगत कापा. मुळासकट उपटली तर प्रत्येक छिद्रातून पेपर फाटतो. छिद्रांतून वर आलेलं तणही त्याच वेळी कापा. मग ठिबकच्या नळ्या आधी ओढून घ्या. गाडलेल्या कडा बाहेरच्या बाजूने सैल करा. ट्रॅक्टरचं अवजार असेल तर पातं कडेखाली १० ते १५ सेंटिमीटर जाऊ द्या. पेपर सरीच्या दिशेने उचला, आडवा ओढू नका. उलटा करून, मातीची बाजू वर, वाफ्यावरच पसरा आणि मातीला तडे जाईपर्यंत ऊन द्या. बहुतेकदा एक दिवस पुरतो. आठवडाभर मात्र ठेवू नका, कारण ऊन पेपरही खातं. मग दोघांनी दोन टोकं धरून झटका, किंवा आडव्या लोखंडी नळीवरून ओढा. वाळलेली माती इथे, शेतातच, झडली पाहिजे.

आणि गुंडाळी करा, बोचकं नको. बोचक्याच्या आतली ओली माती महिनोन्‌महिने वाळत नाही, आणि कारखान्यात तो गोळा तसाच पात्यात जातो.

काय कशात मिसळायचं नाही

शेतातलं प्लास्टिक दिसायला सारखं, पण वितळायला नाही. मल्चिंग, पॉलिहाऊस पेपर, ठिबकची नळी आणि मुरघासाच्या पिशव्या हे मुख्यतः कमी घनतेचं पॉलिथिलीन, वितळतं सुमारे १०५ ते १२५ अंशांना. शेततळ्याचा जाड कागद, बहुतेक शेडनेट आणि औषधांच्या बऱ्याच बाटल्या उच्च घनतेचं पॉलिथिलीन, १२५ ते १३५ अंश. गोण्या, दोरी, बाटल्यांची झाकणं आणि ठिबकचे जोड बहुधा पॉलिप्रोपिलीन, १६० ते १७० अंश. जमिनीखालचे मुख्य पाइप पीव्हीसी. पारदर्शक कडक बाटल्या पीईटी, ज्या वितळायला अडीचशे अंशांच्या आसपास जावं लागतं. रोपांचे कडक, कडकन मोडणारे ट्रे बहुधा पॉलिस्टायरीन.

पॉलिथिलीनच्या दोन जाती एकमेकांत गेल्या तर दाण्याची प्रत घसरते, पण काम चालतं. पॉलिप्रोपिलीन थोडं गेलं तर न वितळलेले ठिपके राहतात आणि पातळ पिशवी तिथूनच फुटते. पीईटी त्या तापमानाला वितळतच नाही, वितळलेला माल गाळणारी जाळी तुंबवतं. पीव्हीसी सगळ्यात वाईट: पॉलिथिलीनच्या तापमानातच त्याचं विघटन सुरू होतं, हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो, दाण्यात काळे डाग पडतात आणि स्क्रू-बॅरल गंजतात. एका पाइपच्या तुकड्यापायी अख्खी पाळी खराब होते.

ओळखायला साबणाच्या पाण्याची बादली पुरते. स्वच्छ पुसलेला तुकडा पाण्याखाली दाबा, बुडबुडे निघू द्या, सोडा. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन वर येतात; पीव्हीसी, पीईटी, पॉलिस्टायरीन बुडतात. मात्र चुनखडीची भर घातलेलं पॉलिथिलीनही बुडू शकतं, आणि मातीने माखलेला तुकडा तर बुडणारच. पीव्हीसीची शंका असेल तर तांब्याची तार लालबुंद करून तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे. ही चाचणी उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावी आणि औषधाच्या बाटलीवर कधीच करू नये. तुकड्यावर क्षार किंवा औषध राहिलं असेल तरी ज्योत हिरवट दिसते, म्हणून आधी धुवा.

ठिबकमध्ये नळीबरोबर काय काय येतं ते बघा. वरून टोचलेले ड्रीपर काढा. दाब-नियंत्रित ड्रीपरमध्ये सिलिकॉनचा पडदा असतो, तो वितळत नाही. नळीच्या आतच बसवलेले चपटे ड्रीपर काढता येत नाहीत आणि काढायची गरजही नसते. ते सहसा पॉलिथिलीनचेच असतात. टोकं मोकळी करून पाणी निथळू द्या. वेटोळी तशीच श्रेडरमध्ये टाकली तर नळी शाफ्टवर गुंडाळते आणि यंत्र थांबवून सुरीने कापत बसावं लागतं. ३० ते ५० सेंटिमीटरचे तुकडे करून टाका. शेडनेट, पक्ष्यांची जाळी आणि दोऱ्या यांचं गुंडाळणं तर याहून वाईट. ती आधी कापलेलीच हवीत, आणि शिवलेल्या दोऱ्या, तारा, हुक काढलेले.

पॉलिहाऊसचा पेपर हा या सगळ्यातला उत्तम माल: जाड, तुलनेने स्वच्छ, एका ठिकाणाहून एकदम मिळणारा. १,००० चौरस मीटर छतातून सुमारे १८४ किलो निघतात. झिगझॅग स्प्रिंगा आणि चिकटपट्ट्या काढा. लोखंडी नळीला टेकलेला पट्टा उन्हात तापून आधी कुजतो, तो कापून वेगळा ठेवा. गंधकाची धुरी दिलेल्या घरात पेपर लवकर मोडतो, कारण गंधक त्यातल्या ऊनरोधक घटकालाच मारतं.

गोणी असेल तर आतली पातळ पिशवी ओढून वेगळी करा. बाहेरचं विणकाम आणि आतला कागद एकाच जातीचे नसतात. युरिया झटकून टाका. तो हवेतली ओल ओढतो आणि गासडी कायम दमट राहते.

जैवविघटनशील मल्चिंगला या ढिगात जागा नाही. ते पॉलिथिलीन नसतं, आणि थोडं मिसळलं तरी दाणा कमजोर होतो. युरोपातल्या ईएन १७०३३ मानकानुसार असा पेपर मातीत २ वर्षांत ९० टक्के विघटित व्हायला हवा, म्हणजे तो शेतात नांगरण्यासाठीच आहे. ‘ऑक्सो’ म्हणून विकला जाणारा पेपर वेगळा. ते साधं पॉलिथिलीनच, फक्त लवकर तुकडे व्हावेत म्हणून रसायन घातलेलं. त्याचं सूक्ष्म प्लास्टिक होतं, आणि दाण्यात गेलं तर ते रसायन नव्या वस्तूतही काम करत राहतं. युरोपीय संघात २०२१ पासून ऑक्सो-विघटनशील प्लास्टिकच्या वस्तू बाजारात आणायला बंदी आहे. तो विकतच घेऊ नका.

औषधांच्या बाटल्या

यांची रांग स्वतंत्र, गोदाम स्वतंत्र, आणि हात घालणाऱ्याचे हातमोजेही स्वतंत्र. धुणं फवारणीच्या वेळीच झालं पाहिजे. औषध वाळून बसलं की नुसत्या पाण्याने निघत नाही. बाटली पंपाच्या टाकीत रिकामी करा, धार तुटून थेंब पडू लागल्यावर आणखी ३० सेकंद उलटी धरा. पाव बाटली स्वच्छ पाणी भरा, झाकण लावून ३० सेकंद हलवा, ते पाणी टाकीतच ओता, पुन्हा ३० सेकंद निथळवा. असं तीनदा. १ लिटरच्या बाटलीला ७५० मिली पाणी लागतं. ते टाकीच्या मोजलेल्या पाण्यातून वजा धरा, म्हणजे मात्रा बिघडत नाही. मग बुडाला भोक पाडा, म्हणजे कोणी त्यात तेल किंवा रॉकेल ठेवणार नाही. झाकण आणि तोंडावरचं सील वेगळं ठेवा.

धुतलेली बाटलीही फक्त ठरावीक वस्तूंसाठीच जावी: केबलची नळी, कुंपणाचे खांब, निचऱ्याचे पाइप. पिण्याच्या पाण्याचा पाइप, खेळणी, घरगुती भांडी यांत ते प्लास्टिक कधीही जाऊ नये. म्हणूनच या बाटल्या कुठल्याही भंगारवाल्याला देऊ नका, तो त्या कोणत्या घाण्यात टाकेल यावर तुमचा ताबा नसतो. ब्राझीलने २००० साली कायदा करून धुतलेला डबा परत करणं शेतकऱ्यावर आणि गोळा करून पुढे विल्हेवाट लावणं उत्पादकावर टाकलं. तिथली व्यवस्था चालते ती ही साखळी बंद असल्यामुळेच. भुकटीच्या चकचकीत, अनेक थरांच्या पुड्या पुनर्वापरात येत नाहीत. त्या घातक कचऱ्याच्या रस्त्यानेच जाव्यात.

म्हातारा झालेला पेपर

ऊन पॉलिथिलीनच्या लांब साखळ्या तोडतं. एका हद्दीनंतर तो माल दाण्याच्या लायकीचा राहत नाही, कितीही स्वच्छ असला तरी. तपासणी सोपी आहे. सावलीत ठेवलेली पट्टी दोन्ही हातांनी हळू ओढा. ती ताणत लांबली तर घ्या. दुमडल्यावर पापडासारखी मोडली, किंवा चोळल्यावर भुगा झाला, तर बाजूला काढा. असा दहा टक्के माल चांगल्यात गेला तरी सगळ्या दाण्याची ताकद उतरते. गासड्या सावलीत, जमिनीपासून उचलून ठेवायच्या त्या याचसाठी. मोकळ्या पेपरचा ढीग घनमीटरला जेमतेम ४०-५० किलो भरतो, चांगल्या दाबयंत्रातली गासडी २५० किलोच्या पुढे जाते. गाडीभाड्याचा फरक त्यातच आहे. गासडी त्याच जातीच्या दोरीने किंवा पट्टीने बांधा. तारेने बांधलीत आणि कापताना एक तुकडा आत राहिला तर ग्राइंडरचं पातं गेलं.

तरीही कारखाना टाकायचाच असेल

माल भरपूर आहे, आसपासच्या गटांशी करार आहेत, पाणी आहे, असं असेल तर ओळ साधारण अशी लागते: फिरती जाळीची ढोलकी, श्रेडर, पाण्यातला ग्राइंडर, घर्षण-धुलाई, तरंग-टाकी, पिळणी, एक्स्ट्रूडर (प्लास्टिक वितळवून त्याच्या धारा काढणारं यंत्र), दाणा-कटर.

पैसे सगळ्यात आधी कोरड्या ढोलकीत घाला. पाणी लागण्याआधी जेवढी माती गळेल तेवढी फुकट गळते. पाणी लागल्यावर तिचा चिखल होतो. पाती मातीने झिजतात, आणि बोथट पातं पेपर कापत नाही, चुरगाळतं. चुरगळलेल्या घडीत माती कायमची अडकते. म्हणून पात्याला धार लावायची वेळ तासांवर ठरवा, मोडेपर्यंत वाट बघू नका, आणि पात्यांचा एक जोड कायम हाताशी ठेवा.

पातळ पेपर धुण्याइतकाच वाळवणं अवघड. फिरकीच्या वाळवणीतून निघालेल्या पेपरात अजून १० ते २० टक्के ओल राहते. पिळणीने दाबून ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. हवा खेचणारं तोंड नसलेल्या साध्या एक्स्ट्रूडरला एक टक्काही जड जातो: वाफेचे बुडबुडे, पोकळ दाणा, तुटणाऱ्या धारा. धार वारंवार तुटत असेल तर लोक तापमान वाढवतात. तो इलाज नाही, रोग वाढवणं आहे. आधी ओल मोजा. कमी घनतेच्या पॉलिथिलीनला १६० ते २०० अंश पुरेत.

एक्स्ट्रूडरमधली गाळणीची जाळी ४० ते ८० मेशची, म्हणजे इंचाला तेवढ्या भोकांची. दाब चढू लागला की जाळी बदला. जाळी सारखी तुंबते म्हणून काढून टाकणारे असतात; मग रेती थेट दाण्यात जाते आणि पुढच्याच्या साच्याला चरे पाडते. यंत्र न थांबवता जाळी बदलणारी जोड घ्या, मल्चिंगसाठी ती चैन नाही. दाण्यात रेती किती राहिली हे बघायला ठरावीक वजनाचा दाणा भट्टीत सुमारे ६०० अंशांना पूर्ण जाळून राख मोजा. त्यात काळा रंग देणारी काजळी जळून जाते, खनिज उरतं.

धुण्याचं पाणी फिरवून वापरावं लागतं, आणि त्यात चिकणमाती, खत, औषधाचा अंश, प्लास्टिकचा भुगा हे सगळं येतं. निवळण टाक्या यंत्राच्या आकाराने नाही, मातीच्या आकाराने बांधा. वरच्या हिशेबाप्रमाणे ४०० किलो प्लास्टिकमागे ६०० किलो माती-पाणी आहे. गाळ शेतात परत टाकायचा मोह होतो. त्यात प्लास्टिकचा भुगा असतो, टाकू नका.

मल्चिंगच्या दाण्याचा रंग काळा किंवा राखाडीच राहतो आणि ताकद नव्या दाण्याइतकी नसते. काळ्या रोपपिशव्या, कचऱ्याच्या पिशव्या, केबलच्या नळ्या, जाड फळ्या, खांब इथे तो चालतो. उन्हात राहणारी वस्तू करायची तर २ ते २.५ टक्के काजळी आणि ताजं ऑक्सिडीकरणरोधक घालावं लागतं, कारण जुनं शेतातच संपलेलं असतं. नवी ठिबकची नळी करण्याचा विचार मात्र सोडा: एक रेतीचा कण भिंतीत राहिला तर दाबाखाली नळी तिथूनच चिरते.

माल विकताना भांडण होतं ते घाणीच्या कपातीवरून. त्यासाठी गाडी भरण्याआधीच, दोन्ही बाजूंसमोर, तीन वेगवेगळ्या गासड्यांच्या मधून मिळून ५ किलो नमुना काढा. धुवा, पूर्ण वाळवा, पुन्हा तोला. ३.२ किलो उरला तर घाण आणि ओल मिळून ३६ टक्के. हा आकडा, मालाची जात आणि तारीख गासडीच्या चिठ्ठीवर लिहा आणि भाव वाळलेल्या किलोवर ठरवा.